शंका-समाधान : युक्रेनची नाणी, त्यांचा इतिहास आणि त्यांचे मोल

नाणेसंग्रहाविषयी या सदराकडे येणाऱ्या पत्रांत युक्रेनच्या नाण्यांबद्दलची पत्रे अलीकडे वाढली आहेत. वैद्यकीय शिक्षणासाठी तिकडे गेलेल्या मुलामुलींच्या सामानातून ही नाणी महाराष्ट्रातील अनेक घरांत पोहोचली, हे त्यामागचे एक कारण असावे. एकाच विषयावरची सहा पत्रे निवडून त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. पत्रलेखकांची नावे नेहमीप्रमाणे गाळली आहेत. ह्रिव्निया हे युक्रेनचे चलन आणि कोपियका हा तिचा शंभरावा भाग, एवढे आधी लक्षात ठेवावे.

प्रश्न : माझी मुलगी चेर्निव्हत्सी येथे वैद्यकीय शिक्षण घेत होती. मार्च २०२२ मध्ये ती रोमेनियामार्गे परत आली, तेव्हा तिच्या बॅगेत सुट्या नाण्यांचा एक डबा तसाच राहिला होता. त्यात १, २, ५, १०, २५ आणि ५० कोपियकांची व १ ह्रिव्नियाची अशी साठेक नाणी आहेत आणि पुष्कळ नाण्यांवर १९९२ हे वर्ष आहे. यांतील काही नाणी आता बाद झाली असल्यामुळे त्यांना चांगली किंमत येईल, असे एका परिचितांनी सांगितले. ते खरे आहे का? नाणी धुऊन ठेवावीत का? – एक पालक, सातारा

उत्तर : आपल्या परिचितांचे म्हणणे निम्मे बरोबर आहे. १, २ आणि ५ कोपियकांची नाणी १ ऑक्टोबर २०१९ पासून, तर २५ कोपियकांचे नाणे १ ऑक्टोबर २०२० पासून व्यवहारातून काढण्यात आले. ती पाडण्याचा खर्च त्यांच्या दर्शनी मूल्याला परवडेनासा झाला होता आणि दुकानदाराने सुटे म्हणून दिलेली नाणी पुन्हा बाजारात येण्याऐवजी घरोघरच्या बरण्यांत जाऊन पडत होती. नाण्याच्या जिवाला बरणीसारखी सुरक्षित जागा नाही, आणि त्याच्या भावाला बरणीसारखा शत्रू नाही. जे नाणे प्रत्येक घरात मूठभर शिल्लक आहे, त्यासाठी पदरचे पैसे कोणी मोजत नाही. त्यामुळे आपल्या डब्यातील बहुतेक नाण्यांची बाजारातील किंमत आजही नगण्यच आहे, असे गृहीत धरून चालावे.

तरीही डबा बाजूला सारू नका, कारण त्यावरील १९९२ या आकड्यामागे एक चांगली हकीकत आहे. युक्रेनने २४ ऑगस्ट १९९१ रोजी स्वातंत्र्य जाहीर केले आणि स्वतःचे चलन आणण्याची तयारी लगेच सुरू झाली. नोटा कॅनडात छापून घेतल्या गेल्या. नाण्यांचे काम काही प्रमाणात इटलीतील टांकसाळीकडे आणि काही प्रमाणात पूर्व युक्रेनमधील लुहान्स्क येथील काडतुसे बनविणाऱ्या कारखान्याकडे देण्यात आले. देशात त्या वेळी टांकसाळ नव्हती. पण काडतुसाच्या पितळी नळ्या लाखोंच्या संख्येने ठोकून काढणाऱ्या यंत्रांना आणि कारागिरांना पितळी नाणी पाडणे अवघड नव्हते. नाणी तयार झाली, त्यांवर १९९२ हे वर्ष आले आणि मग ती गोदामात बंद झाली. दरम्यान १० जानेवारी १९९२ पासून कूपन-कार्बोव्हानेत्स नावाचे तात्पुरते कागदी चलन सुरू झाले होते आणि १९९३ मध्ये महागाईचा वार्षिक दर १०,००० टक्क्यांच्या वर गेला. अशा वणव्यात नवे चलन आणले असते तर तेही जळून गेले असते. म्हणून भाव स्थिरावेपर्यंत ह्रिव्निया रोखून धरण्यात आली. शेवटी २ ते १६ सप्टेंबर १९९६ या पंधरवड्यात १,००,००० कार्बोव्हानेत्सांना १ ह्रिव्निया या दराने अदलाबदल झाली आणि चार वर्षे पडून असलेली १९९२ ची नाणी लोकांच्या हाती आली. एका नव्या देशाच्या सर्व सुट्या पैशांची गरज भागवायची म्हणून ती प्रचंड संख्येने पाडली होती. त्यामुळे सर्वांत जुने वर्ष हेच येथे सर्वांत सहज मिळणारे वर्ष आहे. नाणे जुने म्हणजे दुर्मीळ, हा समज सोडायला युक्रेनइतके चांगले उदाहरण शोधून सापडणार नाही.

मग मोलाचे काय? त्याच १९९२ च्या नाण्यांत ठशांचे भेद आहेत आणि तेथील संग्राहकांचा खरा जीव त्या भेदांवर जडलेला आहे. निरनिराळ्या ठिकाणी, निरनिराळ्या ठशांनी काम झाल्यामुळे नाण्यावर कोरलेल्या डहाळीवरील फळांची संख्या सारखी नाही; ५० कोपियकांच्या नाण्यांना त्यावरून 'चार फळांचे' आणि 'पाच फळांचे' अशी नावेच पडली आहेत. कडेवरील खाचा कुठे बारीक तर कुठे रुंद आहेत. यांतील काही मेळ अगदी थोड्या नाण्यांवर आढळतात आणि तेवढ्यापुरते मामुली वाटणारे नाणे एकदम किमती ठरते. याखेरीज काही वर्षांची नाणी चलनासाठी पाडलीच गेली नाहीत; ती फक्त संग्राहकांच्या संचांसाठी थोडीशी काढली गेली, त्यामुळे तशी सुटी नाणी बरणीत मिळण्याची शक्यता फार कमी असते. १५ कोपियकांचे १९९२ चे एक चाचणी-नाणेही आहे, ते मात्र खरोखर दुर्मीळ आहे. सोव्हिएत काळात १५ कोपेकचे नाणे रोजच्या व्यवहारात होते, ती सवय नव्या देशात आधी विचारात घेतली गेली आणि मग १५ ऐवजी २५ चा आकडा ठरला, एवढा इतिहास त्या एका नाण्यात आहे. आपल्या डब्यात ते असण्याची आशा धरू नये. पण चांगले भिंग घेऊन एका रविवारी ५० आणि २५ कोपियकांची नाणी शेजारी मांडून फळे आणि खाचा मोजायला हरकत नाही.

धुण्याविषयी एकच सांगतो : नको. चिंच, लिंबू, पितांबरी, दंतमंजन यांपैकी कशानेही नाणे घासू नका. पितळेवर बसलेला तपकिरी थर हा नाण्याचे वय सांगणारा पुरावा असतो. घासलेले नाणे चमकते, परंतु त्यावरचे बारीक ओरखडे भिंगाखाली लगेच दिसतात आणि जाणकार ते परत करतो. माती लागली असेल तर साध्या पाण्यात बुडवून, न घासता, मऊ कापडावर टिपून घ्यावे.

आपल्या कन्येने चेर्निव्हत्सीत वर्षे काढली आहेत म्हणून आणखी एक सांगावेसे वाटते. आता त्या शहराचाच भाग असलेल्या सादागुरा येथे १७७१ ते १७७४ या काळात एक टांकसाळ चालत होती. रशिया आणि तुर्कस्तान यांच्यातील युद्धात हाती आलेल्या तुर्की तोफांचा धातू वितळवून तेथे मोल्दाव्हिया आणि वालाखिया या शेजारच्या संस्थानांसाठी नाणी पाडली गेली. त्यांवर एकाच वेळी 'पारा' हे तुर्की आणि कोपेक हे रशियन अशी दोन्ही मूल्ये आहेत, कारण वापरणाऱ्याला दोन्ही हिशेब करावे लागत. टांकसाळ चालविणाऱ्या उमरावाचे आडनाव गार्टेनबेर्ग, म्हणजे 'बागेची टेकडी'. त्याचेच स्लाव्ह भाषेतील रूपांतर म्हणजे सादागुरा हे गावाचे नाव. ती नाणी युरोपातील लिलावांत नियमाने येतात आणि त्यांना चांगली मागणी असते. मुलीला विचारून पाहा, त्या भागातून तिची बस जात असेल.

प्रश्न : युक्रेनच्या प्रत्येक नाण्यावर त्रिशूळासारखे चिन्ह असते. त्याचा आपल्या त्रिशूळाशी काही संबंध आहे का? आणि त्या देशात नाणी पाडण्याची परंपरा किती जुनी आहे? – इतिहासाची एक विद्यार्थिनी, पुणे

उत्तर : त्या चिन्हाला युक्रेनी भाषेत 'त्रिझुब' म्हणतात. 'त्रि' हा त्यातील पहिला भाग आपल्याच 'त्रि'चा सख्खा भाऊ आहे आणि 'झुब' म्हणजे दात. शब्दांचे नाते आहे, चिन्हाचे मात्र नाही. शिवाच्या त्रिशूळाशी त्याचा काही संबंध नाही. ते कीव्हच्या राजघराण्याचे कुलचिन्ह होते आणि घराण्यातील प्रत्येक राजा त्यात थोडासा फरक करून ते आपले म्हणून वापरीत असे. हे चिन्ह आपल्यापर्यंत पोहोचले ते मुख्यतः नाण्यांमुळे.

सन ९८८ च्या सुमारास कीव्हचा राजा व्होलोदिमिर याने ख्रिस्ती धर्म स्वीकारला, बायझंटाईन सम्राटाच्या बहिणीशी विवाह केला आणि साधारण त्याच काळात सोन्याची व चांदीची स्वतःची नाणी पाडण्यास सुरुवात केली. सोन्याच्या नाण्याला आज 'झ्लात्निक' आणि चांदीच्या नाण्याला 'स्रिब्निक' म्हणतात. झ्लात्निक कॉन्स्टँटिनोपलच्या, म्हणजे बायझंटाईन राजधानीच्या, सोन्याच्या नाण्यावर बेतलेला आहे, वजनही साधारण सव्वाचार ग्रॅम, म्हणजे त्या नाण्याएवढेच. एका बाजूला येशू, दुसऱ्या बाजूला सिंहासनावर बसलेला राजा आणि त्याच्या खांद्यापाशी लहानसा त्रिझुब. भोवती स्लाव्ह लिपीत मजकूर आहे, त्याचा आशय असा की व्होलोदिमिर गादीवर आहे आणि हे त्याचे सोने आहे. चांदीच्या नाण्यांच्या पहिल्या प्रकारातही येशू आहे. पुढच्या प्रकारांत मात्र त्याची जागा मोठ्या आकारातल्या त्रिझुबाने घेतली. हा बदल मला नेहमीच विचार करायला लावतो. नव्याने ख्रिस्ती झालेल्या राजाने आपल्या देवाला बाजूला करून घराण्याचे चिन्ह मध्यभागी का आणले असावे? सम्राटाची नक्कल म्हणून सुरू झालेले नाणे थोड्याच वर्षांत 'आमचे' झाले होते, असा त्याचा अर्थ मी लावतो. आपण विद्यार्थिनी आहात, आपल्याला दुसरा अर्थ सुचल्यास जरूर कळवावा.

ही नाणी बाजारातील देवघेवीसाठी नव्हती. त्या काळी कीव्हच्या व्यापारात अरबी चांदीचे दिरहम चालत आणि त्या दिरहमांची आवक आटत चालली होती. व्होलोदिमिरचे सोने हे राजाने मान म्हणून द्यायचे सोने होते. आज जेमतेम दहा-अकरा झ्लात्निक ज्ञात आहेत. अशा नाण्याला बाजारभाव नसतो. १८५२ मध्ये निझिन शहराजवळ सापडलेल्या एका साठ्यात सुमारे २०० स्रिब्निक निघाले, त्यामुळे चांदीच्या नाण्यांचा अभ्यास तरी शक्य झाला. त्यांतील पुष्कळ नाण्यांत चांदी नावापुरतीच आहे, बाकी तांबे; राजाच्या खजिन्यात चांदीची किती ओढाताण होती हे त्यावरून कळते. व्होलोदिमिरचा मुलगा यारोस्लाव याने काही नाणी पाडली आणि त्यानंतर लवकरच नाणी पाडणे थांबले.

पुढे १४ व्या शतकापर्यंत नाण्यांऐवजी चांदीच्या कांड्या चालल्या आणि येथेच ह्रिव्निया या नावाचा उगम आहे. कीव्हची ह्रिव्निया म्हणजे सहा कोनांची, दोन्ही टोके तासलेली, सुमारे १६० ग्रॅमची चांदीची कांडी. त्याआधी हाच शब्द गळ्यातील अलंकारासाठी वापरला जात होता. 'ह्रिवा' म्हणजे मानेवरची आयाळ, आणि हा शब्द व संस्कृतातील 'ग्रीवा' हे एकाच मुळापासून निघालेले आहेत. आपण विचारलेला त्रिशूळ आपला निघाला नाही. पण चलनाच्या नावात आपली ग्रीवा सापडली, हे काही कमी नाही. गळ्यातले सोने-चांदी हीच अडीअडचणीची ठेव, हे आपल्याकडे कोणाला समजावून सांगावे लागत नाही.

आपल्या प्रश्नाचा दुसरा भाग याहूनही मागे नेतो. आजच्या मिकोलाइव्ह प्रांतातील पारुतिने गावाजवळ ओल्बिया हे ग्रीक वसाहतीचे नगर होते. तेथे ख्रिस्तपूर्व पाचव्या शतकाच्या सुमारास डॉल्फिन माशाच्या आकाराची काशाची छोटी नाणी ओतून काढीत असत. नाणे म्हटले की गोल चकती डोळ्यांसमोर येते. या नाण्याला मात्र पाठ, पोट आणि शेपटी आहे. त्या नगरात डॉल्फिनशी जोडलेल्या अपोलो देवाची उपासना होती, तिच्याशी या आकाराचा संबंध लावला जातो. क्रिमियातील पांतिकापायॉन, म्हणजे आजचे केर्च, येथील सोन्याची नाणी तर प्राचीन ग्रीक नाणेकलेतील उत्तम नमुन्यांत गणली जातात. त्यांवर 'पान' नावाचा दाढीवाला ग्रीक देव आणि ग्रिफिन, म्हणजे सिंहाचे धड असलेला पंखवाला काल्पनिक प्राणी, आहे. यांना 'युक्रेनी नाणी' म्हणावे का, हा वाद घालण्यात अर्थ नाही. ती त्या भूमीत पाडली गेली, तिथल्या धान्याच्या आणि माशांच्या व्यापारात फिरली, आणि तिथल्या संग्राहकाच्या कपाटाची पहिली फळी ती असतात.

मधल्या काळाबद्दल थोडक्यात सांगतो, कारण तो परक्या नाण्यांचा काळ आहे. लव्हिव्ह येथे पोलंडच्या राजाची टांकसाळ होती, क्रिमियात खानांच्या टांकसाळी होत्या, आणि कॉसॅक या लढवय्या लोकांच्या प्रदेशात पोलंडची, तुर्कस्तानची आणि पश्चिम युरोपातील मोठी चांदीची नाणी एकाच थैलीत फिरत होती. मॉस्कोने १६८६ मध्ये सेव्स्क येथे पोलिश नाण्यांच्या धर्तीवर खास युक्रेनसाठी नाणी पाडून पाहिली. ती लोकांना रुचली नाहीत आणि लगेच बंद पडली. त्यामुळे आज त्यांना मागणी आहे. न चाललेले नाणे संग्राहकाला नेहमीच प्रिय असते.

प्रश्न : युक्रेन १९१८ मध्ये काही काळ स्वतंत्र होता असे वाचले. त्या वर्षाचे एक चांदीचे युक्रेनी नाणे मला इंटरनेटवरील एका विक्रेत्याने देऊ केले आहे. घ्यावे का? – एक संग्राहक, नाशिक

उत्तर : घेऊ नये. १९१७ ते १९२१ या काळातील युक्रेनी सरकारांनी नोटा काढल्या, परंतु एकही धातूचे नाणे चलनात आणले नाही. युद्ध आणि धामधूम यांत त्यांना तेवढी सवडच मिळाली नाही. आपल्याला दाखविलेली वस्तू अलीकडे कोणी हौसेने किंवा फसविण्यासाठी पाडलेली असणार. तिच्यात चांदी असेल तर चांदीच्या वजनाइतकी तिची किंमत, अधिक नाही.

त्या काळाची आठवण संग्रहात हवी असेल तर 'शह' नावाच्या कागदी पैशाकडे वळा. १९१८ मध्ये ह्रिव्नियाचा शंभरावा भाग म्हणून 'शह' हे एकक ठरले. सुट्या नाण्यांची टंचाई असल्यामुळे १०, २०, ३०, ४० आणि ५० शहांची तिकिटे जाड कागदावर छापली गेली. दिसायला ती टपालाची तिकिटे, टपालाला ती चालतही. पण मागे छापलेले असे की हे तिकीट खणखणीत नाण्याच्या बरोबरीने चालते. त्यांच्या आरेखनात हेओर्ही नार्बुत या चित्रकाराचा हात होता, ज्याने १९१७ च्या १०० कार्बोव्हानेत्सांच्या पहिल्या नोटेवर त्रिझुब आणून त्या जुन्या राजचिन्हाला नव्या काळात परत बोलावले. कागदी शह आजही फार महाग नाहीत. नाण्याच्या जागी कागद का आला हे सांगणारी एवढी बोलकी वस्तू खोट्या चांदीपेक्षा कितीतरी चांगली.

प्रश्न : माझ्या संग्रहात २,००,००० कार्बोव्हानेत्सांचे १९९५ चे एक नाणे आहे. एवढा मोठा आकडा नाण्यावर कसा? ते मौल्यवान आहे का? युक्रेनची स्मृतिनाणी जमवायची असतील तर सुरुवात कोठून करावी? – एक निवृत्त बँक अधिकारी, मडगाव

उत्तर : आपण बँकेत होता, तेव्हा हा हिशेब आपल्याला आवडेल. ७ मे १९९५ रोजी, दुसऱ्या महायुद्धातील विजयाच्या पन्नाशीनिमित्त, स्वतंत्र युक्रेनचे पहिले स्मृतिनाणे आले आणि त्याचे मूल्य होते २,००,००० कार्बोव्हानेत्स. त्या वर्षी देशात १०,००,००० कार्बोव्हानेत्सांची नोटही होती, त्यामुळे दोन लाखांचे नाणे हे श्रीमंतीचे लक्षण मुळीच नव्हते. पुढील वर्षी एक लाखाला एक ह्रिव्निया हा दर ठरला, तेव्हा हे नाणे बरोबर २ ह्रिव्नियांचे झाले. त्यानंतरची निकेल-मिश्र धातूची स्मृतिनाणी २ ह्रिव्नियांचीच निघू लागली. चांदीची जी नाणी १०,००,००० आणि २०,००,००० कार्बोव्हानेत्सांची होती, त्यांच्या जागी १० आणि २० ह्रिव्नियांची आली. पाच शून्ये गेली, पण मालिका तुटली नाही. कार्बोव्हानेत्सांची स्मृतिनाणी १९९५ आणि १९९६ या दोनच वर्षांत निघाली. चेर्नोबिलच्या दुर्घटनेला दहा वर्षे झाली त्याचे नाणेही त्यांतच आहे. संपूर्ण संच जमविणे शक्य आहे, हा त्यांचा मोठा गुण. आपले नाणे कोणते आहे यावर किंमत ठरेल; साध्या धातूचे असेल तर ती माफक, चांदीचे असेल तर बरीच अधिक असेल.

सुरुवातीविषयी माझे मत स्पष्ट आहे. युक्रेनच्या राष्ट्रीय बँकेची टांकसाळ कीव्हमध्ये १९९८ पासून चालते आणि तिने काढलेल्या स्मृतिनाण्यांची संख्या आता इतकी झाली आहे की 'सगळी जमवतो' म्हणणारा माणूस एक तर थकतो, नाहीतर कर्जबाजारी होतो. एक धागा निवडावा. मला स्वतःला त्या देशाच्या नशिबाबरोबर अर्थ बदललेली नाणी धरून ठेवावीशी वाटतात. उदाहरण द्यायचे तर २००२ मध्ये आन-२२५ 'म्रिया' या जगातील सर्वांत मोठ्या मालवाहू विमानाचे नाणे निघाले, तेव्हा ते अभियांत्रिकीच्या अभिमानाचे नाणे होते. फेब्रुवारी २०२२ मध्ये होस्तोमेलच्या विमानतळावर ते एकमेव विमान नष्ट झाले आणि नाणे मात्र उरले. २०१५ मध्ये कीव्हच्या 'मैदान' या चौकातील २०१३-१४ च्या आंदोलनावर आणि तेथे बळी पडलेल्यांवर तीन नाणी आली. २०१८ पासून सेनादलांवरील १० ह्रिव्नियांची मालिका सुरू आहे. ही नाणी जस्ताच्या मिश्रधातूची, दिसायला भरीव परंतु स्वस्त आहेत आणि २०२२ मधील प्रादेशिक संरक्षण दलाचे नाणे त्यांत आहे. थोड्या पैशांत इतिहास हवा असेल तर ही मालिका घ्यावी.

भावाबद्दल सांगायचे तर, चांदीच्या स्मृतिनाण्यांची संख्या बहुधा काही हजारांत असते, साध्या धातूच्या नाण्यांची काही दहा हजारांत. आकडा कमी म्हणून नाणे आपोआप महाग होत नाही; मागणी कोणाला आहे हे पाहावे लागते. युक्रेनच्या नाण्यांना मुख्य मागणी युक्रेनमध्ये आणि परदेशांतील युक्रेनी समाजात आहे. आपण मडगावात बसून विकायला निघालात तर ग्राहक शोधण्यातच दमछाक होईल. चांदीच्या नाण्याला निदान धातूचा आधार असतो. २०११ पासून निघणारी देवदूत मिखाएलची एक औंस शुद्ध चांदीची नाणी त्या दृष्टीने बरी, परंतु ती गुंतवणुकीची वस्तू झाली. मूळ डबी आणि प्रमाणपत्र सांभाळून ठेवा. ती हरवली की नाणे तेच राहते, पण घेणारा हात आखडता घेतो.

प्रश्न : ओल्बियाची डॉल्फिन-नाणी इंटरनेटवर दोन-तीन हजार रुपयांना मिळतात. अडीच हजार वर्षांचे नाणे एवढे स्वस्त कसे? घेणे कायदेशीर आहे का? – एक वाचक, ठाणे

उत्तर : स्वस्त असण्याची दोन कारणे आहेत आणि दोन्ही एकाच वेळी खरी असू शकतात. पहिले, ही नाणी प्राचीन काळी फार मोठ्या संख्येने ओतली गेली होती आणि आजही मातीतून निघतात. दुसरे, ओतीव काशाच्या लहान तुकड्याची नक्कल करणे सोपे असते. ठशाने पाडलेल्या नाण्यावर जे बारकावे असतात, ते यावर मुळातच नसतात, त्यामुळे खरे-खोटे ओळखायला तज्ज्ञाचा हातही कचरतो.

माझी खरी हरकत मात्र वेगळी आहे. युक्रेनच्या कायद्यानुसार जमिनीतून निघणारी पुरातत्त्वीय वस्तू राज्याची असते आणि परवानगीशिवाय उत्खनन हा गुन्हा आहे. तरीही धातुशोधक यंत्रे घेऊन रात्री शेतांत फिरणाऱ्यांची तेथे मोठी जमात आहे. लोक त्यांना 'काळे पुरातत्त्वज्ञ' म्हणतात. युद्धामुळे हा धोका वाढला. आंतरराष्ट्रीय संग्रहालय परिषदेने नोव्हेंबर २०२२ मध्ये युक्रेनमधील धोक्यात असलेल्या सांस्कृतिक वस्तूंची तातडीची सूची प्रसिद्ध केली, ती सीमाशुल्क अधिकाऱ्यांना आणि विकत घेणाऱ्यांना सावध करण्यासाठीच. अशा वेळी, कोठून आले हे सांगता न येणारे नाणे घेणे म्हणजे त्या खड्ड्याचे पैसे देणे. नाणे मातीतून उपटले की ते कोणत्या थरात, कशाशेजारी होते हे कायमचे पुसले जाते. उरतो तो फक्त माशाच्या आकाराचा धातू.

घ्यायचेच असेल तर जुन्या, नावाजलेल्या लिलावगृहाकडून, पूर्वीच्या मालकांची आणि आधीच्या विक्रीची लेखी नोंद असलेले नाणे घ्या. त्यासाठी दोन-तीन हजार पुरणार नाहीत. आणि हेही ध्यानात ठेवा की आपल्याकडील १९७२ च्या पुरावस्तू कायद्याच्या व्याख्येत शंभर वर्षांहून जुने नाणे येते, त्यामुळे एकदा भारतात आणलेले असे नाणे पुढे परदेशात विकणे सोपे नसते. झ्लात्निक कोणी देऊ करीत असेल तर संभाषण तेथेच थांबवावे.

प्रश्न : युक्रेन कोपियकेचे नाव बदलणार असे वाचले. मग हातातली कोपियका ठेवून द्यावी का? – एक वाचक, बेळगाव

उत्तर : २ सप्टेंबर २०२४ रोजी, चलनबदलाच्या वर्धापनदिनी, राष्ट्रीय बँकेने कोपियकेऐवजी 'शह' हे नाव आणण्याचा प्रस्ताव मांडला. कोपियका हे नाव मॉस्कोच्या चलनातून आले आहे. 'कोप्यो' म्हणजे भाला, आणि १५३५ च्या चलनसुधारणेनंतर तेथील नाण्यांवर भालाधारी घोडेस्वार असे, त्यावरून ते पडले असे मानले जाते. नाशिकच्या वाचकांना सांगितलेला १९१८ चा कागदी शह आता धातूत उतरावा, अशी ही कल्पना आहे. नाणे बदलले तरी मूल्य तेच राहावयाचे आहे आणि दोन्ही नावांची नाणी काही काळ शेजारी शेजारी चालतील, असे बँकेचे म्हणणे आहे.

ठेवायची असतील तर हातोहात झिजलेली नाणी नकोत. ५० कोपियकांची, न वापरलेली, टांकसाळीची झळाळी शाबूत असलेली दोन-चार नाणी घ्या. जमल्यास पहिले शह निघतील तेव्हा त्यांचीही दोन-चार घेऊन तीच जोडी एका कप्प्यात ठेवा. प्लास्टिकच्या मऊ पाकिटांत मात्र ठेवू नका, त्यांतील रसायनाने पितळेवर हिरवा चिकट थर येतो; जाड कागदी चौकटी किंवा कडक पारदर्शक डब्या वापराव्यात आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात त्यांच्याशेजारी ओलावा शोषणारी एक पुडी ठेवावी.